चिबुंबा कांडा-मातुलू: चित्रकार की इतिहासकार?

‘स्वयंशिक्षित’ हे विशेषण कलासमीक्षेत बहुधा सवलत म्हणून वापरले जाते. चित्रकाराला शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नाही असे एकदा सांगितले, की त्याच्या रेखाटनातील उणिवा क्षम्य ठरतात आणि त्याच्या विचाराची छाननी करण्याचेही प्रयोजन उरत नाही. काँगोतील चिबुंबा कांडा-मातुलू ह्याच्या बाबतीत ही सवलत अन्यायकारक होय.

चिबुंबाचा जन्म १९४७ साली तत्कालीन एलिझाबेथव्हिल, म्हणजे आजच्या लुबुम्बाशी शहरात झाला. पिठाच्या पोत्यांच्या कापडावर चित्रे रंगवून तो ती शहरातील सामान्य कुटुंबांना विकत असे. १९७३-७४ मध्ये मानवशास्त्रज्ञ योहानेस फाबियान ह्यांच्यासाठी त्याने देशाचा समग्र इतिहास चित्रमालिकेत मांडला व त्याचे स्वाहिलीत निरूपण केले. त्यांतील १०१ चित्रे संभाषणांसह १९९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मालिकेला निमित्त परकीय अभ्यासकाचे मिळाले हे खरे. परंतु त्यातील अनेक विषय चिबुंबा स्थानिक गिऱ्हाइकांसाठी पूर्वीपासूनच रंगवीत होता.

१७ जानेवारी १९६१ रोजी लुमुंबा, म्पोलो व ओकितो ह्यांची हत्या झाली ती ह्याच शहराच्या परिसरात. चिबुंबाच्या चित्रात तिघांची प्रेते भूमीवर पडलेली असून पार्श्वभूमीस तीन क्रूस आहेत. लुमुंबाच्या रक्तातून ‘ऐक्य’ ह्या अर्थाचा फ्रेंच शब्द उमटला आहे. घटनेचा हा यथातथ्य वृत्तान्त नव्हे. ख्रिस्ताच्या बलिदानाची प्रतिमा येथे राजकीय विधान बनते: मृत्यू कटांगाच्या भूमीवर घडला, पण तो अखंड देशासाठी होता. कटांगाच्या फुटीर राजवटीखाली बालपणाचा काही काळ काढलेल्या माणसाने हे म्हणावे, ह्यातच त्या विधानाचे वजन आहे.

चिबुंबा स्वतःला इतिहासकार समजे. हा दावा स्वीकारल्यास समीक्षकाची जबाबदारी वाढते. चित्रावरील अक्षरे व परिचित प्रसंगांची पुनरावृत्ती हे अडाणीपणाचे अवशेष न राहता स्मृती टिकविण्याची साधने ठरतात. मात्र त्याच न्यायाने त्याच्या इतिहासातील निवड व मौन ह्यांचीही चिकित्सा करावी लागते. १९८० च्या दशकाच्या आरंभानंतर त्याचा मागमूस लागला नाही. जो स्वतः उत्तर देऊ शकत नाही, त्याला कौतुकापेक्षा काटेकोर वाचनाचीच अधिक गरज असते.