‘स्थैर्य’ या संज्ञेविषयी : ऊतिसंवर्धित स्ट्रॉबेरीच्या निमित्ताने

ऊतिसंवर्धनाने वाढविलेल्या रोपांविषयी मराठीत लिहिताना ‘जनुकीय स्थैर्य’ ही संज्ञा सर्रास योजिली जाते. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञानाचे; प्रयोगाच्या गुणदोषांवर निर्णय देण्याचा अधिकार त्याचा नव्हे. परंतु संज्ञा जेव्हा पुराव्याहून अधिक बोलू लागते, तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने बोलणे प्राप्त होते.

या एका शब्दात दोन भिन्न अर्थ मिसळले आहेत. रोपाची मातृरोपाशी असलेली एकरूपता हा पहिला. ती एकरूपता पुढील पिढ्यांतही टिकणे हा दुसरा. प्रयोगशाळेत तपासला जातो तो बहुधा पहिला, आणि वाचक समजून घेतो दुसरा.

बॉक्सस यांनी १९७४ मध्ये स्ट्रॉबेरीच्या ऊतिसंवर्धनाची पद्धत मांडली. १९८१ मध्ये लार्किन व स्कोक्रॉफ्ट यांनी संवर्धनातूनच उद्भवणाऱ्या तफावतीला स्वतंत्र नाव दिले. वाण, संप्रेरकांचे प्रमाण, पुनःसंवर्धनाच्या फेऱ्या यांवर ती अवलंबून असते. कोंबाच्या अग्रापासून घेतलेल्या रोपांत ती कमी, तर असंघटित पेशीपुंजापासून घेतलेल्या रोपांत अधिक संभवते. म्हणजे स्थैर्य हा रोपाचा अंगभूत गुण नसून पद्धतीचे फलित आहे.

आता पुराव्याकडे वळू. लागवडीची स्ट्रॉबेरी अष्टगुणित असून तिची गुणसूत्रे ५६ आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कामारोसा’ वाणाचा जनुकसंच सुमारे ८० कोटी अक्षरांचा आहे. नेहमीच्या रेण्वीय चाचण्या त्यांतील मोजक्याच जागा वाचतात. डीएनएवरील मिथिल-खुणांतील बदल तर त्यांतील बहुतेकींना दिसतही नाहीत. अशा चाचणीवरून ‘तफावत आढळली नाही’ असे म्हणता येते. ‘तफावत नाही’ असे म्हणता येत नाही. व्याकरणदृष्ट्या अंतर एका क्रियापदाचे, तर्कदृष्ट्या फार मोठे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. भोर व वेल्हे हा भाताचा डोंगरी मुलूख. येथील शेतकऱ्याला ‘भेसळ’ हा शब्द नेमका ठाऊक आहे : उभ्या भातात वेगळी लोंबी दिसली की तो ती उपटून काढतो. मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई, पुढे पाचगणी-महाबळेश्वर हा स्ट्रॉबेरीचा प्रदेश लागतो. तेथील लागवड प्रायः मातृरोपांच्या धावत्या फुटव्यांपासून, म्हणजे ‘रनर’पासून होते. भोर-वेल्ह्याचा शेतकरी याच पिकाकडे वळला, तर त्याच्या हाती पडणारे रोप तपासलेल्या मातृरोपाची पुढची पिढी असू शकते. फरक कळेल तो फळ धरल्यावर. तोवर रोपे, आच्छादन, मजुरी यांवरील खर्च होऊन गेलेला असेल.

न्यायाची बाजूही नोंदविली पाहिजे. ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ पासून आहे. तीत विषाणुमुक्ततेबरोबर जनुकीय एकरूपतेचीही तपासणी होते. अग्रसंवर्धनाने मिळणारी निरोगी लागवड हा लाभ निःसंशय मोठा आहे. आक्षेप तंत्रावर नाही, विधानावर आहे.

म्हणून सूचना साधी आहे. पहिल्या अर्थी ‘एकरूपता’ व दुसऱ्या अर्थीच ‘स्थैर्य’ लिहावे. आणि प्रत्येक विधानासोबत रोपांची संख्या, पुनःसंवर्धनाच्या फेऱ्या, चाचणीचा प्रकार व तपासलेली पिढी नमूद करावी. वाक्य लांबेल खरे. पण शेतकऱ्याला दिलेला शब्द तेवढा तरी पुरा असावा.