फूटरमधलं एक वाक्य

ऑस्ट्रेलियातल्या एका क्लायंटची वेबसाइट करताना माझ्या हातून एक बग गेला. सिडनी ऑफिसच्या पानावर अगदी तळाशी, कॉपीराइटच्या वर, एक वाक्य होतं. आम्ही जिथे काम करतो त्या भूमीचे परंपरागत राखणदार म्हणून गॅडिगल लोकांना आम्ही मानतो, त्यांच्या ज्येष्ठांचा आदर करतो, अशा अर्थाचं. मी तेच मेलबर्नच्या पानावर कॉपी-पेस्ट केलं. तासाभरात तिकडच्या टेस्टरचं टिकट आलं: मेलबर्न गॅडिगलांचं नाही, तिथे वुरुंजेरी आणि बुनुरोंग. प्रायॉरिटी हाय.

फूटर कुणी वाचत नाही असं धरून चालणाऱ्यांपैकी मी. हे वाक्य मात्र वाचावं लागलं.

याला 'अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री' म्हणतात. १७८८ साली इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या. तरी कायद्याने जमीन 'टेरा न्युलियस', म्हणजे कुणाचीच नाही, अशी धरली. ही कल्पना तिथल्या हायकोर्टाने फेटाळली थेट १९९२ मध्ये, माबो खटल्यात. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते एडी माबो निकालाच्या काही महिने आधीच वारले होते. फूटरमधलं वाक्य या 'कुणाचीच नाही'ला दिलेलं उत्तर आहे. म्हणून त्यात नाव महत्त्वाचं. चुकीचं नाव टाकलं की उत्तरच पुसलं जातं.

आता मजकूर म्हणून ते कसं आहे? मला त्यातला 'राखणदार' खटकतो. आपल्याकडे राखणदार दुसऱ्याच्या शेतावरही असतो. पीक मालकाचं, जागरण याचं. कंपनीला हा शब्द सोयीचा आहे, कारण 'मालक' म्हटलं की भाड्याचा विषय निघतो. पण इथे घाई करून चालत नाही. बऱ्याच अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या दृष्टीने माणूस जमिनीचा असतो, जमीन माणसाची नसते. त्यांनाही 'राखणदार'च जवळचा वाटू शकतो. एकच शब्द, पण बोलणारा बदलला की अर्थ बदलतो.

खरी उणीव क्रियापदांत आहे. मानतो, आदर करतो. दोन्हींचा कर्ता कंपनी. जमीन कुणी घेतली, या क्रियेला वाक्यात जागाच नाही.

मग कंपन्या हे का लिहितात? काहींनी 'रिकन्सिलिएशन अ‍ॅक्शन प्लॅन' घेतलेला असतो, काहींना सरकारी कामं हवी असतात, काहींच्या कर्मचाऱ्यांना ते मनापासून हवं असतं. हेतू शोधण्यापेक्षा वाक्याच्या पुढे काय घडतं ते पाहावं. मे २०२० मध्ये रिओ टिंटोने लोहखनिजासाठी जुकन गॉर्जमधल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. पुटु कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांची ही भूमी. तिथे माणसाच्या वावराच्या ४६,००० वर्षांपूर्वीच्या खुणा होत्या. राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानगी होती. कंपनीकडे असा प्लॅनही होता. पुढे त्या प्लॅनची मान्यता गेली, मुख्याधिकारीही गेले. गुहा परत आल्या नाहीत.

२०२३ च्या सार्वमतात, या लोकांना संसदेला सल्ला देणारा 'व्हॉइस' राज्यघटनेतून द्यायला सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला. फूटर तसेच राहिले.

तरी ते वाक्य काढून टाका असं मी म्हणणार नाही. लिहिलेलं वाक्य पुरावा असतो. जुकननंतर कंपनीला तिच्याच शब्दांवर धरता आलं. शब्दच नसते तर कशावर धरणार?

बग मी दुरुस्त केला. आता प्रत्येक ऑफिससाठी वेगळं फील्ड आहे. ते भरल्याशिवाय पान प्रकाशित होत नाही, आणि त्याला डीफॉल्ट व्हॅल्यू नाही. 'न्युलियस' वाचल्यावर मला आमचा 'नल' आठवला होता. तिथे नल चालणार नाही, एवढं माझ्या हातात होतं.