स्टेपनीवरील पिशवी : टिकाऊपणा आणि रचना

मोटारीच्या राखीव चाकाला मराठीत सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतात. वेल्समधील लानेली या गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी १९०४ साली आरे नसलेले, हवा भरलेल्या टायरसह सज्ज असे एक कडे तयार केले. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाजूने जखडले की गाडी पुढे नेता येई. त्या कड्याचा काळ केव्हाच सरला. भारतीय भाषांत मात्र त्याचे नाव टिकून राहिले. संकटाच्या वेळी उपयोगी पडणे हा स्टेपनीचा धर्म होय. एरवी ती रिकामी असते, आणि या रिकामेपणाचा लाभ घेण्याच्या कल्पनेतूनच तिच्यावर पट्ट्यांनी बांधावयाच्या पिशवीचा जन्म झाला आहे. म्हणून या पिशवीचे मूल्यमापन करताना पहिला प्रश्न तिच्या कापडाचा नसून, ती स्टेपनीच्या मूळ धर्माला कितपत बाध आणते, हा असला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या मागील पत्र्यावर राखीव चाक आणि त्याच्या शेजारी इंधनाचा डबा अशी मांडणी होती. पाठीवर चाक वाहण्याची ती रीत पुढे अनेक गाड्यांनी स्वीकारली. भारतात १९८५ साली आलेली मारुती जिप्सी, २०१० सालची महिंद्र थार आणि २०२३ साली येथे विक्रीस आलेली जिम्नी या त्याच परंपरेतील होत. ऑस्ट्रेलियातील व अमेरिकेतील ओसाड प्रदेशांत दिवसेंदिवस हिंडणाऱ्या प्रवाशांनी या चाकावर पिशवी अडकविण्याची प्रथा रूढ केली. तिच्यात मुक्कामावरचा कचरा, भिजलेले दोर, चिखलाने माखलेले बूट, प्रसंगी सरपणही ठेवले जाते. दुर्गंधी आणि चिखल गाडीबाहेर राहावेत, तसेच निर्जन प्रदेशात केलेला कचरा तेथेच न टाकता परत आणता यावा, असा हा दुहेरी हेतू आहे. तो निःसंशय स्तुत्य आहे. प्रश्न आहे तो हेतूला साजेशा रचनेचा.

अशा पिशव्यांची थोरवी बहुधा ‘डेनिअर’च्या आकड्याने सांगितली जाते. ९००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. यावरून धाग्याची जाडी कळते; परंतु तंतू कोणता, वीण किती घट्ट, लेप कशाचा आणि शिवण कशी, यांपैकी कशाचाही बोध होत नाही. नायलॉन घर्षण चांगले सोसते. मात्र सामान्य हवेत ते सुमारे ४ टक्के आर्द्रता शोषते, ओले झाले की सैलावते आणि संरक्षक द्रव्य मिसळले नसेल तर उन्हाने दुबळे होते. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के आर्द्रता घेते आणि उन्हात अधिक काळ तग धरते. सुती कॅनव्हासचे तंतू भिजल्यावर फुगतात व विणीतील रंध्रे बुजवितात, हा त्याचा जुना गुण. परंतु ओल धरून ठेवून बुरशीला निमंत्रण देणे हा तितकाच जुना दोष. पीव्हीसीचा लेप दिलेली ताडपत्री धुण्यास सोपी, पण जड असते आणि वारंवार घडी पडते तेथे कालांतराने तडकते. आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्णतेत विघटन पावून चिकट होतो व पापुद्र्यांनी सुटू लागतो. कोरड्या वाळवंटात वर्षानुवर्षे टिकलेली पिशवी कोकणातील दोन-चार पावसाळ्यांत निकामी झाली, तर त्यात कापडाने विश्वासघात केला असे नव्हे. निवडच चुकली, असे म्हणावे लागेल.

तथापि कापड फाटण्यापूर्वी बहुधा शिवण उसवते. पट्टा पिशवीच्या वरच्या काठाला नुसता टिपून दिला असेल, तर सारे ओझे सुईने पाडलेल्या भोकांच्या एका रांगेवर येते. ही रांग म्हणजे फाडण्यासाठी आखून दिलेली रेघच. पट्टा पिशवीच्या तळाखालून अखंड नेला आणि टोकांशी आडव्या दाट टिपांनी पक्का केला, तर ओझे पट्टा वाहतो व कापडाकडे केवळ आवरणाचे काम उरते. महाराष्ट्रातील विहिरींवरच्या मोटेत हेच तत्त्व होते. तिच्या तोंडाला लोखंडी कडे असे आणि नाडा त्या कड्याला जोडला जाई. चामड्याला दोराचा ताण थेट सोसावा लागत नसे. दोरा पॉलिएस्टरचा असावा, हेही येथेच सांगितले पाहिजे. कारण शिवणीवर ऊन सर्वांत आधी पडते.

‘जलाभेद्य’ या विशेषणाचाही नीट विचार होणे अवश्य आहे. शिवणीवर आतून पट्टी चिकटविलेली नसेल, तर जलाभेद्य कापडाच्या पिशवीतही पाणी शिरते आणि एकदा शिरले की बाहेर पडत नाही. म्हणून तळाला पितळी कडी बसविलेली भोके ठेवतात. परंतु पिशवीत कचरा असेल, तर त्याच भोकांतून घाण पाणी दरवाजावर व रस्त्यावर ठिबकते. हा विरोध एका कापडाने सुटणारा नाही. बाहेरची पिशवी निचऱ्याची आणि आत काढून धुता येईल असे निराळे अस्तर, हीच त्यावरील प्रामाणिक तोड होय.

चौकोनी पाठीच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडविलेली धूळ तेथेच खेचली जाते. ही धूळ टायर व पिशवी यांच्यामध्ये साचून सँडपेपरचे काम करते. त्यामुळे पिशवी दिसत्या बाजूपेक्षा पाठीकडून आधी झिजते. बाहेरची बाजू जाड व पाठ पातळ ठेवणारी रचना दृष्टीला सुखावते, पण झिजेची दिशा ओळखत नाही. झिपेचे दातही याच धुळीने अडतात. तोंड गुंडाळून बक्कलांनी आवळणे अथवा मोठी झडप ठेवणे हे उपाय साधे असले, तरी अधिक भरवशाचे आहेत.

‘सर्व चाकांना बसणारी’ हा दावा साध्या गणिताने तपासता येतो. १९५/८० आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर, तर २५५/६५ आर १८ चा सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो. परिघांतील फरक जवळजवळ ३० सेंटिमीटर होतो. मोठ्या चाकासाठी बेतलेली पिशवी लहान चाकावर बांधली, की पट्ट्यांची लांब टोके वाऱ्यावर फडफडतात आणि ओझे खाली घसरते. केवळ वरचा पट्टा असेल, तर प्रत्येक खड्ड्यात पिशवी झोके घेते. म्हणून खालून ओढून धरणारा पट्टा अपरिहार्य आहे.

पिशवीचा भार अखेर दरवाजाच्या बिजागऱ्यांवर येतो. समजा, १२ किलो ओझे बिजागऱ्यांच्या रेषेपासून ६० सेंटिमीटरवर आहे आणि दोन बिजागऱ्यांत ५० सेंटिमीटर अंतर आहे. दरवाजा उघडा असताना प्रत्येक बिजागरीवर सुमारे १४ किलोभाराची आडवी ओढ पडते, आणि तीही चाकाच्या स्वतःच्या भाराखेरीज. दरवाजा बंद असताना कडी काही वाटा उचलते. पण दगडधोंड्यांच्या वाटेवरील हिसक्यांनी हाच भार क्षणोक्षणी वाढत राहतो. पिशवीत किती मावते हे ठळकपणे सांगावे आणि किती वजन घालावे याविषयी मौन पाळावे, ही उणीव म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

तितकीच महत्त्वाची बाब दृष्टीची. ब्रेकचा दिवा किंवा नंबरपाटी झाकणारी पिशवी कितीही टिकाऊ असली, तरी ती सदोषच. २०१८ सालच्या नव्या रँग्लरमध्ये मागचे दाखविणारा कॅमेरा राखीव चाकाच्या मध्यभागीच बसविलेला आहे. तेथे चाकाचा मध्य झाकणारी पिशवी चालकाचा डोळाच बांधते. इंधन वा गॅसची टाकी या पिशवीत ठेवणेही सर्वथा अयोग्य, कारण मागून धडक बसल्यास पहिला आघात तिच्यावरच होतो.

पिशवी ही स्वस्त व बदलता येण्याजोगी वस्तू आहे, तिची एवढी चिकित्सा कशाला, असा आक्षेप संभवतो. परंतु तिचा पट्टा तुटतो तो बाजारात नव्हे, तर धावत्या रस्त्यावर. आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला पिशवीची किंमत ठाऊक नसते. शिवाय अरण्यातील कचरा परत आणण्यासाठी घेतलेली पिशवी त्याच अरण्यात फाटली, तर तिचा एकमेव नैतिक आधारच नाहीसा होतो.

तेव्हा परीक्षणाचा रूढ क्रम उलटा केला पाहिजे. पिशवी भरलेली असतानाही अंधारात, पावसात, ओल्या हातांनी ती झटपट उतरवून चाक मोकळे करता येते की नाही, हे प्रथम पाहावे. त्यानंतर भाराची वाट, शिवण, पाठीची झीज व पाण्याचा निचरा यांचा विचार करावा. कापडाचा डेनिअर सर्वांत शेवटी. पंक्चरच्या वेळी जी पिशवी स्टेपनीला अडवून धरते, तिचा टिकाऊपणा हा गुण नसून अडथळ्याचाच टिकाऊपणा ठरतो.