डब्याची ओढ : चौकोनी गाड्या अजून का आवडतात

समीक्षेच्या व्याख्यानात मोटारगाडी कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. उत्तर सोपं आहे. कवितासंग्रहाच्या हजार प्रती खपल्या तरी आपण आनंद मानतो, त्यावर लेख लिहितो. रस्त्यावरच्या गाडीचा आकार लाखो लोक रोज पाहतात, त्याबद्दल हिरिरीने भांडतात, कर्ज काढून ती दारात आणून उभी करतात. आणि त्या आकाराबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते 'रुबाबदार लूक' या दोन शब्दांवर संपतं. पुढे मायलेज आणि किंमत. म्हणून आज एकच प्रश्न घेतो : चौकोनी गाडी आपल्याला अजून का आवडते, आणि ती आवड कितपत खरी आहे?

चौकोनी म्हणजे कोणती? थार, बोलेरो, गुरखा, जिम्नी, परवडत असेल तर डिफेंडर. उभी काच, सपाट बॉनेट, सरळ बाजू, मागे टांगलेली स्टेपनी. याला 'खोका' म्हणता आलं असतं, पण २०२२ पासून आपल्या राज्यात त्या शब्दाला निराळंच वजन आलंय. (हशा) म्हणून मी 'डबा' म्हणेन. डबा चांगला शब्द आहे. जेवणाचा डबा, आगगाडीचा डबा, पिठाचा डबा. डब्याला आपण सुंदर म्हणत नाही. त्यात किती मावतं आणि तो किती वर्षं टिकतो ते बघतो.

मूळ डबा कोणी 'डिझाइन' केलेला नव्हता, हे आधी लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी तातडीने हवी होती. तिचा पत्रा सपाट ठेवला, कारण सपाट पत्रा कापणं आणि दुमडणं सर्वांत लवकर होतं. काच सपाट, कारण फुटली तर कुठेही बसवता येते. १९४८ ची लँड रोव्हरही तशीच. इंग्लंडात पोलादाची टंचाई होती म्हणून अ‍ॅल्युमिनियम वापरलं, आणि महागडे साचे परवडत नव्हते म्हणून बाजू सरळ राहिल्या. म्हणजे ज्याला आज आपण 'स्टाइल' म्हणतो ती गरिबी आणि घाई यांतून आलेली रेषा आहे. आपल्याकडे १९४५ साली सुरू झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद'ने, जी १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली, याच विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशकं जीप हे कंपनीचं नाव आहे याचा आपल्याला पत्ताच नव्हता. चारचाकी, उघडी, सरकारी दिसणारी ती जीप. तहसीलदाराची जीप, फौजदाराची जीप, प्रचाराची जीप.

आता विदर्भात या. इथे डब्याचं खरं चरित्र घडलं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे काळीपिवळी. पुण्या-मुंबईकडच्या श्रोत्यांना काळीपिवळी म्हटलं की फियाट टॅक्सी आठवते. आमच्याकडे काळीपिवळी म्हणजे ट्रॅक्स, कमांडर, मार्शल, नंतर सुमो. एसटी चुकली किंवा आलीच नाही, तर तालुक्याहून गावी नेणारी ती. नियमाने किती बसायचे आणि प्रत्यक्षात किती बसतात हा हिशेब आपण सोडून देऊ. (हशा) पण ती माणसं मावायची कशी? तिथे भूमिती कामाला येते. छत उंच आणि बाजू सरळ असल्या की माणूस ताठ बसतो. ताठ बसलेल्या माणसाला लांबी कमी लागते. उतरत्या छताच्या मोटारीत पाय पसरून अर्धवट आडवं व्हावं लागतं, म्हणून तेवढ्याच लांबीत माणसं कमी. टपही सपाट, त्यामुळे कापसाचं गाठोडं, सायकल, कोंबड्यांची टोपली, आणि पोलीस नसतील तिथे माणसंही टपावर. त्या गाडीला कोणी देखणी म्हटलं नाही. पण ज्यांनी दवाखान्यापर्यंतचा प्रवास तिच्यातून केला त्यांच्या मनात चौकोन आणि भरवसा यांची गाठ बसली. आजची आवड समजून घ्यायची तर ही गाठ सोडवून पाहावी लागते.

दुसरं ठिकाण म्हणजे जंगल. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला. नागपुरात 'जिप्सी बुक झाली का?' असं कोणी विचारलं तर गाडीचा ब्रँड विचारलेला नसतो, सफारी विचारलेली असते. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली आणि सुरक्षेचे नवे नियम लागू होताना, २०१९ च्या सुमारास, सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. तोवर जंगलाने ती आपली करून टाकली होती. का? ती एक टनाच्या आसपास भरणारी हलकी गाडी. पेट्रोलचं इंजिन, त्यामुळे डिझेलसारखी धडधड नाही. आणि मुख्य म्हणजे मागचा हौदा सरळ बाजूंचा. सरळ पत्र्यावर गावातला वेल्डरसुद्धा चढत्या पायरीची बाकं आणि धरायला नळ्या बसवू शकतो. गोलाईवर ते जमत नाही. गाइड कठड्याला टेकून उभा राहतो, सहा पर्यटक मागे बसतात, कोणाची नजर कोणामुळे अडत नाही. इथे चौकोन म्हणजे पाहण्याची सोय आहे. मोहर्लीच्या गेटवर पहाटे ओळीने उभ्या असलेल्या जिप्सी पाहिल्यात तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळेल.

पाहण्याचा आणखी एक अर्थ चालक सांगतील. डब्यात बसलं की बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात. गाडी कुठे संपते ते डोळ्यांना कळतं. इतवारीच्या गल्लीत हातगाडी आणि भिंत यांच्यामधून काढायची असेल तर हे ज्ञान कॅमेऱ्याच्या पडद्यापेक्षा मोलाचं. आजच्या गुळगुळीत गाड्यांचं नाक चालकाला दिसतच नाही. म्हणून त्यांना पीं-पीं करणारे सेन्सर लावावे लागतात. मला वाटतं, चौकोनी गाडीच्या आकर्षणाचा गाभा इथे आहे. ती आपली हद्द लपवत नाही. जिथे संपल्यासारखी दिसते तिथेच संपते. वस्तूच्या बाबतीत हा मोठा गुण आहे. माणसांच्या बाबतीतही विरळाच.

या गुणाची सर्वांत इमानदार वारसदार कोण विचाराल तर मी बोलेरोचं नाव घेईन. २००० साली आली. समीक्षकांनी तिला कधी गांभीर्याने घेतलं नाही, ग्रामसेवकापासून खडी-क्रशरवाल्यापर्यंत सगळ्यांनी घेतलं. २०१६ मध्ये चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना मिळणाऱ्या करसवलतीसाठी तिला कापून ३,९९५ मिलिमीटरमध्ये बसवलं, इंजिन दीड लिटरचं केलं. गंमत अशी की लांबी कायद्याने ठरवून दिली की डबाच फायद्याचा ठरतो, कारण त्याच लांबी-रुंदीत सर्वांत जास्त पोकळी त्याच्याच पोटात असते. हिंगण्याच्या एमआयडीसीत याच कंपनीचे ट्रॅक्टर बनतात. ट्रॅक्टरसारखा दिसतोस का, असं ट्रॅक्टरला कोणी विचारत नाही. बोलेरोचंही तसंच आहे.

थारचं तसं नाही. १५ ऑगस्ट २०२० ला नवी थार दाखवली, २ ऑक्टोबरला विक्रीला आली. रामकृपा अनंतन यांच्या हाताखालचं ते काम, आणि आकार म्हणून उत्तम काम. जुन्या जीपची आठवण आहे पण नक्कल नाही. प्रमाणं घट्ट आहेत. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले, जे मूळ जीपला स्वप्नातही मिळाले नसते. पण तीन दारं, माणसं चार. काळीपिवळीच्या नातवात घरचे पाच जण मावत नाहीत! मग जानेवारी २०२३ मध्ये या थारची अशी आवृत्ती आली जिची फक्त मागची चाकं फिरतात. चारही चाकांना ताकद हे ज्या आकाराचं जन्मकारण, तेच काढून घेतलं, आकार ठेवला, किंमत उतरवली. आणि लोकांनी रांगा लावल्या. यात फसवणूक नाही, सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. पण समीक्षक म्हणून मला हा क्षण महत्त्वाचा वाटतो. इथे डबा वस्तू राहिला नाही, पोशाख झाला. पाच दारांची रॉक्स २०२४ ला आली तेव्हा मावण्याचा प्रश्न सुटला, पोशाखाचा नाही.

याला एक विलक्षण कायदेशीर पुरावा आहे. महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी विकायला काढली, जुन्या जीपच्या वळणाची, रस्त्यावर न चालवता रानात चालवायची. २०१८ मध्ये फियाट क्रायस्लरने, म्हणजे जीप या नावाच्या तेव्हाच्या मालकाने, तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार नेली की हे रूप आमचं आहे. त्या रूपाच्या वर्णनात पहिलीच गोष्ट होती चौकोनी बांधा, सरळ उभ्या बाजू. २०२० साली आयोगाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि महिंद्राला रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं. आता यातली मेख पाहा. अमेरिकी कायद्यात, जो आकार वस्तूच्या उपयोगासाठी आवश्यक आहे त्यावर असा हक्क सांगता येत नाही. म्हणजे 'डबा आमचा' म्हणायचं असेल तर आधी 'डबा कामाचा म्हणून असा नाही, आमची ओळख म्हणून असा आहे' हे म्हणावं लागतं. ज्या आकाराचा जन्मच कामासाठी झाला त्याला त्याच्याच वारसांनी कामातून मुक्त केलं.

आणि खरोखरच तो मुक्त झालाय. नव्या डिफेंडरकडे वरून पाहा, कोपरे गोल आहेत. समोरून डबा, वाऱ्याला मात्र बऱ्यापैकी गुळगुळीत. मर्सिडीजने १९७९ ची जी-क्लास २०१८ मध्ये जवळजवळ आमूलाग्र नवी केली, पण चौकोन राखला, आणि दार बंद होतानाचा जुना खणखणीत आवाजही मुद्दाम राखला. आवाज! तिथे यंत्रशास्त्र संपून नाट्यशास्त्र सुरू होतं.

तुम्ही म्हणाल, पोशाख असेना का, शोभतोय ना? शोभतोय. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिलं ठिकाण आपल्या दारातून सुरू होतं. समृद्धी महामार्ग, नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ ला उघडला, पूर्ण रस्ता जून २०२५ ला. मोटारींना वेगमर्यादा १२०. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या वेगाला जो अडथळा, तो एकशेवीसला चौपट. आणि त्याला रेटायला लागणारी ताकद आठपट. साध्या सेडानचा वारा-रोधाचा गुणांक आज ०.२५ ते ०.३०, जुन्या जी-क्लासचा ०.५४ च्या आसपास. शिवाय डब्याचं तोंडही मोठं. सिंदेवाहीच्या वळणदार रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. समृद्धीवर तो दरवाजाच्या फटीतून ऐकू येतो आणि पंपावर खिशाला कळतो. जो आकार सावकाश रस्त्यांनी घडवला, तो आपण सर्वांत वेगवान रस्त्यावर नेतोय.

दुसरी किंमत चालक भरत नाही, म्हणून ती जास्त गंभीर. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांना झालेल्या सुमारे १८ हजार धडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. मधल्या उंचीच्या गाड्यांतही तोंड उभं असेल तर धोका वाढतो. कारण समजायला अवघड नाही. उतरतं नाक पायाला लागतं आणि माणूस बॉनेटवर येतो. उभी भिंत छातीला लागते आणि माणूस खाली जातो. मूळ जीप बुटकी होती. उंची आपण नंतर चढवली, रुबाबासाठी. सीताबर्डीवर रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईच्या डोळ्यांसमोर बॉनेटची कड येते तेव्हा तो रुबाब कोणासाठी आहे, हे विचारणं समीक्षेचंच काम आहे. 'रोड प्रेझेन्स' हा शब्द शोरूममध्ये सारखा ऐकू येतो. साध्या मराठीत त्याचा अर्थ : समोरच्याने बाजूला व्हावं.

म्हणून दोन प्रकारचे डबे वेगळे करायला हवेत असं माझं म्हणणं आहे. एक डबा आपली हद्द दाखवतो, म्हणजे दुसऱ्याची जागा ओळखतो. दुसरा हद्द गाजवतो. रेषा त्याच, भाव उलटा. जिप्सी पहिल्या जातीची, बोलेरो बरीचशी पहिल्या जातीची. जिम्नी, २०२३ ला आली आणि आपल्याकडे फारशी खपली नाही, तीही पहिल्या जातीचीच. बहुतेक म्हणूनच खपली नाही. बाप्पा, एवढे लाख द्यायचे आणि समोरचा बाजूलाही होत नाही, तर काय उपयोग! (हशा) थार दोन्हींच्या मधे उभी आहे. चालवणाऱ्यावर तिचा भाव ठरतो, आणि काळी काच, बाहेर काढलेले टायर, छतावर दिव्यांची पट्टी लावली की तो ठरूनच जातो.

मला स्वतःला चौकोनी गाडी आवडते, ते लपवत नाही. पण आवडीची कसोटी म्हणून मी एक गोष्ट बघतो. जुन्या जीपचं मडगार्ड सपाट होतं. मोजणीवाले त्यावर नकाशा पसरायचे, लाइनमन पकड-पाने मांडायचे, दुपारी तिथेच शिदोरी सोडायचे. आजच्या चौकोनी गाड्यांपाशी जा आणि बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवून पाहा. बऱ्याच गाड्यांवर तो घसरतो, कारण चौकोन फक्त समोरून दिसण्यापुरता आहे. बाहेर पार्किंगमध्ये पाच-सहा उभ्या आहेत. मालकाला विचारून मग ठेवा. आता प्रश्न घेऊ.