हवेवर जगणारं पातं

घडीचा चाकू समुद्रावरून घरी आला की मीठ पात्यावर शोधायचं नसतं. पातं हाताळताना पुसलं जातं, विजारीला घासलं जातं, वाऱ्यावर सुकतं. मीठ बसतं ते घडीत. पातं मुठीत शिरतं त्या खाचेत, खिळीच्या भोवती, मागच्या खटक्याच्या टाचेखाली. वर्तमानपत्र पसरून मी मधला स्क्रू सैल करतो, मुठीचा एक बाजूचा पत्रा अलगद उचलतो आणि पांढुरकी पूड कागदावर सांडते. त्या पुडीत वाळूचे दोनचार कण, नायलॉनच्या दोरीचा एखादा निळा तंतू आणि कधीकधी माशाचं चिमुकलं खवलं. मालवणात घालवलेले आठ दिवस चिमटीत मावतात.

ही सवय मला मामाच्या चाकूने लावली. मामाकडे साध्या पोलादाचा घडीचा चाकू होता आणि तो होडीवर कायम त्याच्या खिशात असे. पातं तो रोज खोबरेलाने पुसायचा, त्यामुळे ते शेवटपर्यंत काळसर, पण स्वच्छ राहिलं. एका पावसाळ्यानंतर मात्र चाकू उघडेना. रॉकेल सोडलं, ठोकून पाहिलं, शेवटी पक्कडीने ओढलं तेव्हा पातं बाहेर आलं आणि टाचेशी ते निम्मं खाल्लेलं निघालं. मामा म्हणाला, "भायरसून बरो दिसता. भितर बघ काय झाला ता." तो चाकू रिव्हेटने कायमचा बंद केलेला होता. आत काय चाललंय ते बघायची सोयच नव्हती.

माझा आजचा चाकू स्पायडर्कोच्या सॉल्ट मालिकेतला आहे. पिवळी मूठ, वर मोठं गोल भोक असलेलं दातेरी पातं, एच-1 नावाचं पोलाद. ही कंपनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन या गावची, म्हणजे समुद्रापासून दूर डोंगराच्या पायथ्याची. चाकू बनला जपानमधल्या सेकी शहरात. सेकीला तलवारी घडवण्याची शेकडो वर्षांची परंपरा आहे, पण ते ज्या गिफू प्रांतात आहे त्याला समुद्रकिनारा नाही, आणि कोलोरॅडोलाही नाही. समुद्र न पाहता राहणाऱ्या दोन गावांनी मिळून समुद्रासाठी इतकी नेमकी वस्तू घडवावी, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

या चाकूचा खरा गाभा त्याच्या पोलादात आहे, म्हणून तिथेच थोडं थांबायला हवं. लोखंडाचं पोलाद होतं ते कार्बनमुळे. धार टिकते तीही कार्बनमुळे. आणि पोलाद गंजत नाही ते क्रोमियममुळे. साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम मिसळलं की पोलादाच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो तिथल्या तिथे पुन्हा भरून येतो. पंचाईत अशी की कार्बन आणि क्रोमियम यांचं फार जमतं. कार्बन जास्त असला की तो क्रोमियमला ओढून घेतो, त्यांचे कडक खडे बनतात, आणि त्या खड्यांभोवतीच्या पोलादाला पापुद्र्यासाठी क्रोमियम उरत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. त्यातलं क्लोराइड नेमकी हीच उघडी जागा गाठतं आणि टाचणीच्या टोकाएवढी खोली कोरत आत उतरतं. स्वयंपाकघरातली चांगली 'स्टेनलेस' सुरीसुद्धा होडीवर आठवडाभर राहिली की तिच्यावर तपकिरी ठिपके का उमटतात, ते यातून कळतं.

एच-1 घडवणाऱ्यांनी कार्बनला जवळजवळ घराबाहेर काढलं. तो 0.15 टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही. क्रोमियम ठेवलं 14 ते 16 टक्के, जोडीला निकेल आणि मॉलिब्डेनम. आणि कार्बनच्या जागी, चिमूटभरच, पण निर्णायक, आणलं नायट्रोजन, आपल्या श्वासातल्या हवेत 78 टक्के असलेलं तेच. नायट्रोजन पोलादाला कडकपणा देतं आणि क्रोमियमशी तितकं वाईट वागत नाही. अशा पोलादाला नेहमीसारखं लालबुंद तापवून पाण्या-तेलात विझवायचं नसतं. थंड असतानाच ते रुळांखाली दाबत नेतात आणि दाबानेच ते कडक होतं. धार काढताना घासण्याचा ताणही त्याला आणखी कडक करतो, असं म्हणतात. त्यामुळे कण्यापेक्षा कड जास्त कडक भरते, आणि जास्त घासावी लागते म्हणून दातेरी कड साध्या कडेहूनही वरचढ ठरते, असाही दावा आहे.

याच घराण्यातलं दुसरं पोलाद म्हणजे एलसी200एन. ते मुळात विमानं आणि अवकाशयानांच्या बेअरिंगसाठी बनलं. त्यात नायट्रोजन 0.4 टक्क्यांच्या आसपास. वितळलेल्या पोलादात इतकं नायट्रोजन राहायला तयार नसतं. सोड्याची बाटली उघडल्यावर वायू निघून जावा तसं ते निसटतं. म्हणून ते पोलाद मोठ्या दाबाखाली पुन्हा वितळवतात, आणि वायू आत कोंडलेला असतानाच गोठवतात. मला ही कल्पना फार सुंदर वाटते: धारेत कोंडलेली हवा. 2021मध्ये आलेलं मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस यांचं पोलाद आणखी पुढे गेलं आहे. त्यात कार्बन भरपूर आहे, पण तो व्हॅनेडियम आणि नायोबियमशी बांधून ठेवला आहे, क्रोमियमच्या वाटेला तो जातच नाही. त्याची धार एच-1पेक्षा कितीतरी जास्त टिकते. तरीही होडीवर मी एच-1च नेतो, कारण त्याचा स्वभाव मला पूर्ण ठाऊक झाला आहे.

आता घडीकडे परत येतो. तो पापुद्रा ऑक्सिजनवर जगतो, हे लक्षात घेतलं की 'स्टेनलेस' चाकूसुद्धा मामाच्या चाकूसारखा घडीत का खाल्ला जातो ते उलगडतं. घट्ट फटीत शिरलेलं खारं पाणी बाहेर येत नाही, त्यातला ऑक्सिजन संपतो, आणि तिथे ओरखडा पडला तर भरून यायला हवाच नसते. वर मोकळ्या वाऱ्यावर असलेलं पातं शाबूत आणि खिळीखालचं खाल्लेलं, असं होतं ते यामुळे. एच-1ला याची भीती जवळजवळ नाही. पण चाकूत सगळं एच-1 नसतं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची छोटीशी बॅटरी होते. त्यात जो कमकुवत तो झिजतो, आणि मोठ्या, न झिजणाऱ्या पात्यासमोर बारकासा साधा स्क्रू असेल तर त्याचा निकाल फार लवकर लागतो. म्हणून माझी तपासणी सुरू होते ती पात्यापासून नव्हे, स्क्रूच्या डोक्यांपासून.

उघडण्याची रीत साधी आहे, घाई मात्र चालत नाही. आधी धारेवर कागदी चिकटपट्टी. मग क्लिपचे स्क्रू, मग मुठीचे, आणि खिळीचा स्क्रू शेवटी. टॉर्क्सचं टोक अचूक मापाचं हवं. सैल बसलेलं टोक स्क्रूचं डोकं एकदा गोल करून ठेवलं की तो चाकू मामाच्या चाकूसारखा कायमचा बंद झाला म्हणा. मागचा खटका ही या चाकूची सगळ्यात बोलकी जागा. कण्याच्या बाजूला एक आडवी पट्टी, तिच्या खाली स्प्रिंग आणि टोकाला एक दात. पातं पूर्ण उघडलं की तो दात पात्याच्या टाचेतल्या खाचेत 'टक्' करून बसतो. पहिल्या वेळी मी मुठीची बाजू झटक्यात उचलली आणि स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. अर्धा तास मी जमिनीवर आडवा पडून बॅटरीच्या उजेडात शोधत होतो. आता बाजू टेबलाशी समांतर ठेवून, बोटाने पट्टी दाबून धरतो आणि हळूहळू सोडतो.

ती टाचेतली खाच जुन्या टूथब्रशने घासायची असते आणि हे काम कधी टाळू नये. वाळूचा एक कण खाचेत अडकला तरी दात पूर्ण खोल बसत नाही. बाहेरून चाकू उघडलेला आणि अडकलेला दिसतो, पण दोरीवर जोर लावला की पातं बोटांवर मिटू शकतं. सगळे भाग कोमट गोड्या पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवायचे, पुन्हा साध्या पाण्याने विसळायचे, सुती कपड्याने टिपायचे. तारेची घासणी अजिबात नको. तिचे लोखंडी कण पात्यावर चिकटतात, ते गंजतात, आणि दोष न गंजणाऱ्या पात्याला लागतो. खिळीला तेलाचा एकच थेंब. जास्त घातलं की वाळूला चिकटायला जागा मिळते. जोडताना खिळीचा स्क्रू पाव फेऱ्याच्या हिशेबाने आवळायचा: पातं डावीउजवीकडे हलायला नको, आणि उघडताना अडखळायलाही नको. मूठ नायलॉनची आहे, फार आवळलं तर तिचे आटे झिजतात आणि मग उपाय उरत नाही.

ती मूठ अनेकांना खेळण्यासारखी वाटते. मला ती या चाकूतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली जागा वाटते. काचतंतू मिसळलेलं नायलॉन खाऱ्या पाण्याने सडत नाही, थंडीत बोटांना गार लागत नाही, आणि ओल्या हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर खवल्यांसारखी नक्षी आहे. पिवळा रंग दिखाव्यासाठी घेतलेला नाही. जाळ्याच्या ढिगात पडलेला काळा चाकू मी कितीदा शोधला आहे! आणि ते गोल भोक. 1981मध्ये कंपनीच्या पहिल्या चाकूपासून ते चालत आलं आहे. अंगठा त्यात टेकवून एका हाताने पातं उघडता येतं. होडी डोलत असते तेव्हा दुसरा हात कशाला ना कशाला धरून असतो. मामा आपला जुना चाकू दातांनी धरून उघडायचा, ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

दाते पाजवायला लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. हे दाते एकाच बाजूने घासलेले असतात, एक मोठा आणि दोन बारके असे एकामागून एक. सिरॅमिकची बारीक काडी प्रत्येक खोबणीत त्याच उतरत्या बाजूने चारपाच वेळा फिरवायची, आणि सपाट बाजूने एकदाच हलकी, कडेला आलेला बुरा काढण्यापुरती. घरातला निसणा या दात्यांना उपयोगी नाही, सपाट दगडाने ते बोथट होतात. नीट पाजवलेले दाते होडीच्या पंख्यात अडकलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या दोरीत पहिल्याच ओढीला रुततात. साधी धार त्या गुळगुळीत, निसरड्या दोरीवरून घसरत राहते.

सगळं जोडून झालं की पातं उघडून दोनदा 'टक्' ऐकतो. आवाज कोरडा आणि पूर्ण हवा. मग चाकू मिटत नाही. वरच्या फळीवर, खिडकीशी, अर्धा उघडा ठेवतो, आणि रात्रभर वारा त्याच्या घडीतून जात राहतो.