करणार कोण?

कोकणातील वडिलोपार्जित घर किंवा वाडी यांच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेक कुटुंबांकडे तिकडून कागद येतात: कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र. असे काही मसुदे आमच्या पाहण्यात आले. त्यांतील कायदा वकिलांनी पाहावा. आम्हांला बोलायचे आहे ते क्रियापदांविषयी.

एका मुखत्यारपत्रात म्हटले आहे, "सदर मिळकतीच्या विक्रीसंबंधी आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी व आलेल्या रकमेचे वाटप करण्यात येईल." वाक्य भारदस्त खरे, पण विकणार कोण, वाटणार कोण आणि केव्हा? 'कार्यवाही'त नुसती बोलणी येतात की खरेदीखतावरील सहीही येते? मुखत्याराला दिलेल्या अधिकारांचा अर्थ न्यायालये काटेकोरपणे लावतात. म्हणजे हा कागद तिकडच्या भावाला धड अधिकार देत नाही आणि इकडच्या बहिणीला धड पैशाची हमीही देत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "माझ्या भावाने ही मिळकत विकावी, खरेदीखतावर माझ्या वतीने सही करावी आणि आलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा तीस दिवसांत मला द्यावा." विकावी, सही करावी, द्यावा. यात भांडणाला जागा कुठे उरते?

गंमत अशी, की जुन्या मराठी दस्तऐवजांत पक्षकारांची नावेच क्रियापदांवरून पडली आहेत: लिहून देणार आणि लिहून घेणार. 'करण्यात येत आहे' हे वळण सरकारी मराठीचे. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, कारभार मराठीत आला, पण मसुद्यांवरची इंग्रजीची सावली काही हटली नाही. येथील हिब्रू कचेऱ्याही मागे नाहीत. 'लेशालेम', म्हणजे पैसे भरणे, हे सरळ क्रियापद हाताशी असता त्या 'लेवात्सेआ ताश्लूम', म्हणजे भरणा पार पाडणे, असे लिहितात!

याउलट आपला केतुबा पाहा. भाषा अरामी, वय शतकांचे. पण नवरदेव तेथे स्वतःच्या तोंडाने म्हणतो: राबेन, मान राखीन, पोशीन, सांभाळीन. 'पालनपोषणाची व्यवस्था करण्यात येईल' असे कोणी लिहून दिले असते, तर वधूपित्याने सही होऊ दिली असती काय?

अर्थात प्रत्येक जोडक्रियापद दुबळे नसते. गहाण ठेवणे, दत्तक घेणे, हक्क सोडणे यांना कायद्यात ठरलेला अर्थ आहे. त्यांना हात लावू नये. बाकी जेथे जेथे 'करण्यात येईल' दिसेल, तेथे खाली रेघ ओढून शेजारी 'कोण?' असे लिहावे आणि वकिलातीत सही करायला जाण्यापूर्वी मसुदा परत धाडावा.