पांढऱ्या काठाची वस्ती

सुटीत गोव्याला गेलेला माणूस पणजीला फार तर एक दुपार देतो. तीही किनाऱ्यावरून परतताना, खरेदीपुरती. मी मात्र म्हणेन की एकट्या फोंतेन्हासला अख्खा दिवस द्यावा. वस्ती एवढीशी आहे. रमतगमत चाललं तरी अर्ध्या-पाऊण तासात पायाखालून जाते. तरीही दिवस लागतो, कारण इथल्या भिंती उन्हाबरोबर बदलतात. पश्चिमेला अल्तिनोची टेकडी, पूर्वेला ओरेंची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही घरं. सकाळचं ऊन खाडीवरून थेट घरांच्या तोंडावर येतं. दुपार कलली की टेकडीची सावली गल्ल्यांत उतरते आणि पणजीत इतरत्र लख्ख ऊन असतानाच इथली संध्याकाळ सुरू होते.

मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियु जुआंव द सेकैरा या गोमंतकीयाने अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे माडांची बाग उभी केली. टेकडीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा होता, खाडीचा काठ होता. जुनं गोवे शहर साथींनी ओस पडत चाललं होतं. १७५९ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला आले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मग माणसं वाढली, माडांच्या जागी घरं आली. बागेतून उगवलेल्या या वस्तीला आखीव नकाशा नाही. गल्ली मध्येच रुंदावते, मध्येच दोन घरांच्या कोपऱ्यांत अंग चोरते, कुठे पायऱ्या होऊन टेकडीवर चढून जाते.

आता भिंतींकडे या. पिवळी माती, गेरू, गडद निळा, फिकट हिरवा, डाळिंबी. लोक हे रंग पाहायलाच येतात. मला वाटतं, इथला खरा रंग पांढरा आहे. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्च आणि कपेलांसाठी राखून ठेवलेला होता. घरमालकाने पावसाळा सरला की दरसाल घर रंगवायचं, मात्र पांढरं नाही. अशा दंडकातून ही रंगांची श्रीमंती आली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण जवळ जाऊन पाहा. निळी भिंत खिडकीपाशी आली की थांबते आणि चौकटीभोवती वीतभर पांढरी पट्टी सुरू होते. दाराभोवती तीच, दोन मजल्यांच्या मधोमध तीच, घराच्या कोपऱ्यावर उभ्या खांबासारखी तीच. भिंतीवर ज्याला जागा नव्हती तो पांढरा काठावर येऊन बसला, आणि लुगडं काठावरून ओळखावं तशी ही घरं त्या पट्टीवरून ओळखू येतात.

या पट्टीचं काम मोठं आहे. शेजारशेजारची गर्द निळी आणि गर्द पिवळी भिंत एरवी एकमेकींवर धावून गेली असती. इथे दोघींच्या मध्ये पांढरी रेघ आहे, म्हणून दोघी आपापल्या जागी भरघोस राहतात. शिवाय ती रेघ नजरेला भिंतीवर रेंगाळू देत नाही, उघड्या जागेकडे नेते: दाराकडे, खिडकीकडे, लोखंडी नक्षीच्या कठड्याच्या सज्जाकडे. त्यामुळे या गल्लीत घरापेक्षा घरातलं जगणं आधी दिसतं. कठड्यावर वाळत टाकलेला टॉवेल, पिंजऱ्यातला पोपट, खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, सगळ्यांना चौकट मिळालेली असते.

जुन्या खिडक्या अजून काही घरांत टिकून आहेत. लाकडी पट्ट्यांच्या लहान लहान चौकोनांत पातळ शिंपले बसवलेले. काच सर्रास मिळत नव्हती तेव्हाची ही युक्ती. शिंपल्यातून उजेड येतो, पण आरपार दिसत नाही. इथे अंगण नाही, कुंपण नाही, भिंत थेट रस्त्याला लागलेली. वाटसरूचा खांदा खिडकीला घासेल इतकी जवळीक. अशा ठिकाणी दुधी उजेड आत घेणारी आणि नजर बाहेर ठेवणारी खिडकी करणाऱ्याने शेजारधर्माचा किती बारीक विचार केला असेल!

गल्लीच्या दक्षिण टोकाला सेंट सेबॅस्टियनचं कपेल आहे. रंगांच्या रांगेनंतर अचानक संपूर्ण पांढरी भिंत येते. आतला क्रूस मात्र जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. ते न्यायासन १८१२ मध्ये मोडीत निघालं, तेव्हा क्रूस पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. एरवी क्रुसावरच्या येशूची मान कललेली असते, डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ, डोळे उघडे. ज्यांच्या धर्मनिष्ठेची चौकशी चालायची, त्यांच्यावर धाक बसावा म्हणून ते तसे घडवले, असं सांगतात. त्या डोळ्यांसमोर उभं राहिलं की बाहेरच्या रम्य गल्लीला इतिहासाचं वजन येतं. फोंतेन्हासला नुसतं गोंडस म्हणणाऱ्यांनी हे कपेल चुकवू नये. ही वस्ती ज्या सत्तेच्या छायेत वाढली, तिचा चेहरा इथे आहे. बाहेर येऊन मान वर केली की टेकडीच्या उतारावर मळ्याच्या मारुतीचं देऊळ दिसतं, ठसठशीत भगवं. तेही याच परिसराचं.

दुपारी ‘३१ द जानेरु’ रस्त्यावरच्या जुन्या बेकरीत शिरावं. रस्त्याचं आणि बेकरीचं नाव एकच. बेबिंकाचा तुकडा घ्यावा आणि थर मोजत बसू नये, खावा. दुकानं अर्धी मिटलेली असतात, गल्ली घरच्यांची झालेली असते.

याच वेळी दारांवरच्या पाट्या नीट वाचता येतात. फोटो काढू नका, पायरीवर बसू नका, इथे माणसं राहतात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी पोशाख बदलत, परक्याच्या उंबऱ्याला टेकून उभी राहणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांत मराठी बोलणारी पुष्कळ. पाट्या लावणाऱ्यांची बाजू मला पूर्ण पटते. त्या पांढऱ्या काठाची सगळी गोडी रस्ता आणि घर यांच्यातल्या एका वीतभर अदबीवर उभी आहे.

आणखी एक घर पाहायचं राहतं, कुलूपबंद. अशी घरं इथे आहेत. गोव्याच्या वारसा कायद्यात सगळ्या मुलांचा हिस्सा असतो. पिढ्यांगणिक वाटेकरी वाढतात, कुणी लिस्बनला, कुणी मुंबईला, आणि कौलं बदलायची तरी सगळ्यांची संमती लागते. तोवर गिलावा ढासळतो आणि आतला तांबडा चिरा दिसू लागतो. सुटलेल्या पापुद्र्याच्या कडेला पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली निळा असे जुने हात दिसतात. चिरा ओल धरतो आणि चुना ती बाहेर जाऊ देतो, म्हणून ही घरं इतके पावसाळे तगली. आता घाईत सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की ओल आतच कोंडते आणि काही पावसाळ्यांत भिंत फुगते. या घरांना चुन्याचं काम जाणणारे गवंडी हवेत, आणि वाटेकऱ्यांना एकत्र बसवणारं कुणीतरी हवं.